डावी बाही

१

कारखान्यात त्यांना सगळे सूतभरराव म्हणत. हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण का ठेवलं ते नव्या माणसालाही पहिल्याच दिवशी कळे. तपासणी विभागाच्या काचेच्या खोलीत बसून ते वर्षानुवर्षं एकच वाक्य बोलत आले होते: "सूतभर फरक आहे." मग समोरचा कितीही गयावया करो, माल परत. रोज सकाळी आल्याआल्या ते आधी स्वतःची मापं तपासून घेत, कारण मापच चुकीचं असलं तर दिवसभराची मेहनत पाण्यात. मग चहा, आणि त्यानंतर माल.

हा स्वभाव कारखान्यात कामाला येई. घरात मात्र त्याने बायकोच्या नाकी नऊ आणले होते. पडदा एका अंगाला खाली आहे, टेबलाचा एक पाय तरंगतोय, भिंतीवरचं घड्याळ तिरकं आहे. "तुम्हाला स्वर्गात नेलं तरी आधी दाराची चौकट मोजाल," असं ती म्हणायची.

एकुलत्या एका लेकीचं नाव कागदोपत्री काही का असेना, घरात ती ठकू होती. अंगाची चण थेट बापाची, तशीच सडपातळ, तसेच रुंद खांदे. आणि नाकावरचा रागही बापाचाच. ती हवामान खात्यात होती. तिची नेमणूक नुकतीच डोंगरावरच्या एका केंद्रावर झाली होती, जिथे वर्षातला बराच काळ बर्फ असतो आणि वाऱ्याला दयामाया नसते. जाण्याआधी एक चांगलं गरम जॅकेट घ्यायचं, एवढंच काम होतं. पण या घरात 'एवढंच' असं काही नसायचं.

सूतभररावांनी तिला गावातली सगळी दुकानं दाखवली. एका जॅकेटची चेन अडकत होती, एकाची शिवण वाकडी होती, एकात कापूस सगळीकडे सारखा नव्हता. ठकूला तर ती सगळीच बाह्या लावलेल्या उशांसारखी दिसत होती. तिचं मन अडकलं होतं जुन्या काळच्या लढाऊ वैमानिकांच्या जॅकेटात. आतून मेंढीची दाट लोकर, बाहेरून तपकिरी कातडं, गळ्याशी दोन पट्टे, आणि कॉलर वर केली की कान झाकले जातात.

"अगं, ती जुनी जॅकेटं आता मिळतात कुठे?"

"नवी शिवून मिळतात, बाबा. जुन्यासारखी. अगदी हुबेहूब."

"म्हणजे नक्कल."

"असू दे की नक्कल. ऊब तर खरी असते ना?"

सूतभरराव चिडले. चिडतच ते लेकीच्या मागून तसली जॅकेटं शिवणाऱ्या दुकानाचा जिना चढले.

२

दुकान लोखंडी सामानाच्या दुकानाच्या वरच्या अरुंद मजल्यावर होतं. कातड्याचा, मेणाचा आणि थोडा ओल्या लोकरीचा वास जिन्यापासूनच येत होता. भिंतीला लष्करी टोप्या, पट्टे, पिशव्या, सगळं जुन्या वळणाचं आणि सगळं नवं. दुकानदार गोल चेहऱ्याचा, गोड बोलणारा माणूस होता. पसंत नाही पडलं तर बदलून देईन, आणि बदली माल हातात पडेपर्यंत पहिला तुमच्याकडेच ठेवा, असं त्याने न विचारताच सांगून टाकलं.

बापलेकीत प्रत्येक गोष्टीवरून वाद झाला. लोकर जाड की पातळ, कमरेला पट्टा की नुसती बटणं, रंग गडद की उतरलेला. शेवटी ठकूने जाड लोकरीचं गडद जॅकेट उचललं. सूतभररावांनी चेन वरखाली करून पाहिली. पितळी चेन, लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. शिवण पाहिली, ती सरळ. अस्तराची लोकर चिमटीत धरून ओढली, ती निघेना. नाव ठेवायला जागा नाही हे पाहून त्यांना उलट अस्वस्थ वाटायला लागलं.

मग ठकूने ते अंगात घातलं आणि आरशासमोर उभी राहिली. तिचा चेहरा असा उजळला की दुकानदारही हसला. सूतभरराव हसले नाहीत.

"डावी बाही बघ."

"काय झालं तिला?"

"वर राहतेय."

खरोखरच राहत होती. उजवी बाही मुकाट्याने खाली लोंबत होती. डावी कोपरातून वाकून जराशी पुढे आणि वर झाली होती. ठकूने हात सरळ केला की बाही मनगटावरून दोन बोटं मागे सरके.

"नवं कातडं आहे, दादा," दुकानदार म्हणाला. "वापरलं की बसेल."

घरी आल्यावर सूतभररावांनी जॅकेट पलंगावर उताणं पसरलं आणि हाताने दाबून दाबून सपाट केलं. चष्मा आणायला बाहेरच्या खोलीत गेले आणि परत आले, तोवर डावी बाही पुन्हा उचलली गेली होती. कोपराशी आतल्या बाजूने एक खोल घडी होती. वर्षानुवर्षं एकाच जागी मुडपलेल्या कातड्याला पडते तसली. जॅकेट तर कोरं करकरीत होतं.

"बांधून ठेवताना दुमडलं गेलं असेल," बायको म्हणाली. "तुम्ही म्हणजे ना, सुतावरून स्वर्ग गाठता."

त्यांनाही ते पटलं. पटलं तरी दुसऱ्या दिवशी ते जॅकेट काखोटीला मारून दुकानात गेले आणि बदलून आणलं. नव्याचीही डावी बाही वर राहत होती. घडीही तिथेच होती, तेवढीच खोल.

३

आता सूतभररावांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. एक नग खराब निघाला तर समजू शकतं. दोन नग एकाच जागी खराब म्हणजे साचाच खराब. दुकानात जाऊन त्यांनी हे वाक्य मोठ्याने ऐकवलं. आधी परत केलेलं आणि आणखी दोन मापांची जॅकेटं उतरवून घेतली, हातातल्याशेजारी टेबलावर पसरली. चारही डाव्या बाह्या हळूहळू, एकापाठोपाठ एक, वर आल्या.

"साचा खराब नाही, दादा," दुकानदार म्हणाला. "मूळ जॅकेट आम्ही टाका न् टाका उसवलं. एकेक तुकडा सुटा केला, पुठ्ठ्यावर ठेवून कडेने पेन्सिल फिरवली. आपल्या मनाचं त्यात काही नाही."

"मूळ बाहीच वाकडी असली तर?"

"तर आमचीही वाकडी. नक्कल म्हणजे नक्कल."

"म्हणजे तुम्ही दोषाचीसुद्धा नक्कल केलीत?"

"दोष कसला त्यात? कातडं माणसाच्या अंगावर राहून राहून त्या अंगाचंच होऊन जातं. ज्याच्या अंगावर हे शेवटपर्यंत..." तो मध्येच थांबला आणि गल्ल्यावरची धूळ पुसायला लागला.

"मला ते मूळ जॅकेट दाखवा."

दुकानदाराचं मन नव्हतं, पण सूतभररावांपुढे कुणाचं चाललं होतं? मागच्या खोलीत एक मोठी फळी होती. तिच्यावर जुन्या जॅकेटचे तुकडे खिळ्यांनी ठोकून ठेवले होते. पाठ, दोन्ही पुढच्या बाजू, कॉलर, उजवी बाही, सगळं काळपट पण सपाट. डाव्या बाहीचा तुकडा वेगळ्या टेबलावर होता. त्याच्यावर खालच्या दुकानातून आणलेली लोखंडी वजनं मांडली होती, एकाशेजारी एक. तरी मधला भाग वजनांमधून फुगून वर आला होता.

"सापडलं तेव्हा सगळंच ताठ होतं," दुकानदार हळू आवाजात म्हणाला. "बाकीचं वाफेने सरळ झालं. ही नाही झाली."

"सापडलं कुठे?"

"जुन्या मालाचं काय विचारता, दादा? चहा मागवू का?"

सूतभररावांना चहा नको होता, त्यांना सरळ बाही हवी होती. त्यांनी ठकूची सगळी मापं, खांदा, दंड, कोपर, मनगट, तोंडपाठ सांगितली आणि या मापांचं सरळ जॅकेट मुद्दाम बेतून द्या म्हणून बजावलं. दुकानदार कबूल झाला, पण वेळ लागेल म्हणाला.

"लागू दे. तोवर हे माझ्याकडे राहील. मी रोज तिला घालून बघतो आणि नेमकं कुठे ओढतं त्याच्या खडूने खुणा करतो."

"रोज?" दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं गोड हसू जरा विरघळलं. "एकदा घातलं तरी कळेल की."

"एका मापावर मी कधीच निकाल देत नाही," सूतभरराव म्हणाले.

४

त्या दिवसापासून ठकूचे हाल सुरू झाले. कामावरून आली की चहाच्या आधी स्टूल. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी तिला स्टुलावर उभं करायचं, जॅकेट घालायचं, चेन गळ्यापर्यंत ओढायची, आणि मग सूतभरराव टेप, खडू आणि पट्टी घेऊन तिच्याभोवती फिरणार. हात खाली. हात पुढे. आता वळ. आता तशीच थांब.

"बाबा, हात दुखायला लागला."

"थांब. हललीस, आता परत पहिल्यापासून."

"मला हे असंच आवडलंय! बाही वर राहते तर राहू दे."

"तुला डोंगरावर त्यात काम करायचंय. वारा मनगटातून आत शिरला की मला शिव्या देशील."

"नाही देणार. लिहून देऊ का?"

बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, पोरगी जाईल आता थोड्या दिवसांत. तिच्याशी दोन शब्द बोलाल की नुसतीच मोजाल?" सूतभररावांना ते लागायचं. पोरगी दूर जाणार, तिथे तिला काही झालं तर धावून जाणारं कुणी नाही, या विचाराने त्यांची झोप उडाली होती. पण ते बोलून दाखवायचं कसं हे त्यांना कधी जमलं नव्हतं. बाही सरळ करून देणं एवढंच त्यांच्या हातात होतं.

आणि तेच जमत नव्हतं, कारण खुणा जुळेनात. काल मनगटाशी दोन बोटं फट होती, आज दीड. परवा एकच. कोपराची घडी आधी दंडावर येत होती, ती आता कोपराजवळ यायला लागली. रोज बदलणारं माप म्हणजे सूतभररावांच्या लेखी शिवीच. कातडं बसायला लागलंय, असं म्हणून त्यांनी जॅकेट टेबलावर पसरून मोजलं. ते होतं तसंच होतं, एका सुताचा फरक नाही. टेबलावर बदलत नाही आणि अंगावर बदलतं, हे कसं? मग त्यांनी टेपवर संशय घेतला. टेप पोलादी पट्टीशी लावून पाहिली. टेप बिनचूक होती. त्या रात्री त्यांनी बायकोशी उगाचच भांडण काढलं.

एक दिवस स्टुलावर उभी असताना ठकूने कॉलर वर केली आणि म्हणाली, "बाबा, ही घरघर कसली?"

"कसली घरघर?"

"कॉलर कानाला लागली की येते. लांबून. मोठ्या यंत्रासारखी."

सूतभररावांनी फ्रिज बंद केला. पंखा बंद केला. घर चिडीचूप झालं. ठकू मान तिरकी करून ऐकत राहिली.

"येतेच आहे."

"वाटी कानाला लावली तरी आवाज येतो," ते म्हणाले. "पोकळीचा असतो तो."

हे स्पष्टीकरण चांगलं होतं. फ्रिज पुन्हा लावायचा मात्र राहून गेला आणि दूध नासलं, त्यावरून बायकोने जे ऐकवलं ते ऐकवलंच.

५

पहिल्यांदा लक्षात आलं ते बायकोच्या. जेवताना ठकूचा डावा हात टेबलावर नव्हता, मांडीवरही नव्हता. तो छातीसमोर, कोपरात वाकून, नुसताच अधांतरी धरलेला होता.

"हात खाली घे गं. अशी काय बसतेस?"

ठकूने हाताकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा असावा, आणि खाली घेतला. घास दोन घास खाल्ले असतील नसतील, हात पुन्हा वर.

मग ते सगळीकडेच दिसायला लागलं. ती वाचत बसली की हात वर. झोपली की पांघरुणाला डावीकडे तंबू. दारातून जाताना कोपर चौकटीला आपटून निळं पडलं. आणि बसताना ती गुडघे जवळ घेऊन, अंग चोरून बसायला लागली, जणू भोवती जागाच नाही. ऐसपैस कोचावर अशी बसलेली लेक बघून बायकोला राग यायचा आणि मग रागाची जागा भीती घ्यायची.

"आणि वर काय बघत असते ही सारखी?" तिने एकदा नवऱ्याला बाजूला घेऊन विचारलं.

"तिचं कामच आभाळ बघायचं आहे."

"घरात कुठलं आभाळ आलं?"

सूतभररावांनी ठकूला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी हात दाबला, वाकवला, सरळ करायचा प्रयत्न केला. हाड ठीक आहे म्हणाले, स्नायू आखडलाय. "एकाच स्थितीत फार वेळ अवघडून बसता का?" ठकू नाही म्हणाली. डॉक्टरांनी मलम दिलं, शेक द्यायला सांगितलं. शेक दिला, मलम लावलं, पालथ्या घड्यावर पाणी.

"ते जॅकेटचं रोजचं खूळ बंद करा," बायको रडवेली होऊन म्हणाली. "स्टुलावर उभी राहून राहून पोरीचा हात आखडला."

सूतभररावांनी ऐकलं. जॅकेट कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. त्या संध्याकाळी ठकू कामावरून आली, ती सरळ स्टुलाकडे गेली आणि वर चढून उभी राहिली. "आज नाही," असं त्यांनी सांगितलं, तरी ती बराच वेळ उतरली नाही.

६

सरळ जॅकेट आलं ते सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. दुकानाचा माणूस खोकं देऊन गेला आणि आधीचं न्यायला नंतर येतो म्हणाला.

सूतभररावांनी खोकं खिडकीपाशी उघडलं. खांदा मोजला, दंड मोजला, कोपर, मनगट. पुन्हा मोजलं. टेबलावर पसरलं आणि मुद्दाम स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आले. दोन्ही बाह्या जागच्या जागी पडून होत्या. कुठे म्हणून कुठे फरक नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट तंतोतंत त्यांच्या मनासारखी झाली होती, आणि त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की त्यांनी बायकोला आणि लेकीला हाका मारून बोलावलं.

"ये, ठकू. हे घे तुझं जॅकेट. याच्यात एक चूक काढून दाखव!"

ठकूने उजवा हात घातला. तो गेला. डावा हात बाहीच्या तोंडाशी नेला. तो कोपरापर्यंत गेला आणि अडला. सूतभररावांनी मागून बाही धरली, बायकोने मनगट धरलं. ठकू कळवळून ओरडली. बाही सरळ होती आणि हात त्या बाहीत मावत नव्हता.

"बेतायला चुकला तो गाढव!" सूतभरराव म्हणाले. त्यांनी टेप उचलली. बाही पुन्हा मोजली. बरोबर होती. पुन्हा मोजली. मग टेप हातात तशीच राहिली.

रोज सकाळी ते आधी माप तपासत, मग माल. एवढे दिवस ते जॅकेट मोजत होते, आणि मोजत होते लेकीच्या अंगावर. लेकीला त्यांनी एकदाही तपासलं नव्हतं.

त्यांनी टेप तिच्या खांद्याला लावली. डावा खांदा उजव्यापेक्षा वर होता. कोपराच्या आत एक घडी होती. कातडीवर, खोल, वर्षानुवर्षांची वाटावी अशी. ठकूचे दात वाजत होते. पंखा जोरात चालू होता, खिडकीतून ऊन आत आलं होतं, आणि बायकोच्या कपाळावर घाम होता.

"बाबा," ठकू म्हणाली, "ते दुसरं द्या ना. मला फार थंडी वाजतेय."

७

त्यांनी दिलं नाही. ठकू कपाटाशी गेली, कुलूप ओढायला लागली. आईने तिला मागून मिठी मारली तेव्हा ती आईला ढकलून पुन्हा कपाटाकडे वळली. ही पोरगी कधी आईला उलट बोललीसुद्धा नव्हती. शेवटी तिघंही दमली. ठकू जमिनीवर बसली, गुडघे पोटाशी, डावा हात चेहऱ्यासमोर, नजर छताकडे. ती रडत होती, पण रडण्याचा आवाज करत नव्हती. ऐकत होती.

सूतभररावांनी दुकानात फोन लावला. काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं, म्हणून ते नुसतेच ओरडले. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं.

"किती वेळा घातलं, दादा?"

"रोज घातलं. मी सांगितलं होतं ना, रोज घालणार म्हणून!"

पलीकडे मागच्या खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"लोक नेतात, एकदोनदा घालतात, फोटो काढतात, टांगून ठेवतात," दुकानदार म्हणाला. "एवढ्या वेळा कुणी घालतच नाही हो. आमच्याकडेही कुणी घालून बघत नाही. तुम्ही ते परत पाठवू नका. तुमच्याकडेच राहू द्या." आणि त्याने फोन ठेवला.

सूतभररावांना आयुष्यात पुष्कळ वेळा राग आला होता, पण असा कधीच नाही. दुकानदाराचा, कातड्याचा, मूळ जॅकेट घालणाऱ्या त्या कोण कुठल्या माणसाचा, पण सगळ्यात जास्त स्वतःचा. लेकीला स्टुलावर उभं करून त्यांनी स्वतःच्या हाताने चेन ओढली होती. रोज. ती नको म्हणत असताना.

"काय आहे वर?" ते ठकूपुढे उकिडवे बसले. "काय दिसतं तुला? सांग मला."

ठकूने मान हलवली. सांगता येत नाही अशी.

"मग मीच बघतो," ते म्हणाले.

बायको नको नको म्हणत असताना त्यांनी कुलूप काढलं आणि जॅकेट अंगात घातलं. बापलेकीची चण एकच. लोकर आतून गरम होती, जणू आत्ताच कुणी काढून ठेवलं असावं. एका मापावर निकाल द्यायचा नसतो, दुसऱ्या अंगावरही बघावं लागतं, असं काहीतरी ते स्वतःशी पुटपुटले. चेन गळ्यापर्यंत ओढली. कॉलर वर केली.

घरघर लगेच आली. पोकळीची नव्हती. ती खालून येत होती, पाठीतून, दातांतून, आणि मध्येच अडखळत होती. त्यांचे गुडघे आपोआप वर आले. कुठेतरी बसायचं म्हणून ते खुर्चीत बसले, आणि त्यांनी वर पाहिलं.

पंखा होता तिथे पंखा नव्हता. छताच्या जागी झाडं होती, उलट्या विमानातून दिसावीत तशी, शेंडे त्यांच्याकडे केलेली, बारीक, मोहरीच्या दाण्यांएवढी. झाडांमधून एक रस्ता जात होता. रस्त्यावर कुणीतरी उभं राहून मान वर करून त्यांच्याकडे बघत होतं. चेहरा अजून दिसत नव्हता, पण झाडं मोठी होत होती आणि थोड्याच वेळात तो दिसला असता. तो दिसू नये एवढंच त्यांना कळत होतं. डावा हात त्यांनी उचलला नाही. तो उचलला गेला, चेहऱ्यासमोर आला, आणि बाही जिथे वाकायची होती नेमकी तिथेच वाकली. स्वतःला वाचवायला तो हात वर आलाच नव्हता. बघावं लागू नये, एवढ्यासाठी आला होता.

बाहीच्या आड अंधार होता आणि लोकरीचा वास होता. घरघर अडखळली, पुन्हा सुरू झाली.

मग त्या आवाजातून, फार लांबून, बायकोचा आवाज आला.

"अगोबाई! गेला! हात गेला गं बाई नव्या बाहीत!"

पितळी चेन वर सरकल्याचा आवाज आला. ठकू हसत होती की रडत होती ते कळेना.

"दुखत नाहीये, आई. अजिबात दुखत नाहीये." मग पावलं जवळ आली. "बाबा, बघा ना. बसलं. दोन्ही बाह्या सरळ आहेत, बघा."

सूतभररावांना बघायचं होतं. या एका क्षणासाठी त्यांनी सगळ्यांच्या जिवाला घोर लावला होता. लेक समोर उभी होती, हाताच्या अंतरावर, आणि तिला एकदा, फक्त एकदा, डोळे भरून बघायचं होतं.

"बघतो हं," ते म्हणाले. "जरा थांब."

"बाबा, हात खाली घ्या ना."

"घेतो, बाळा," ते म्हणाले, आणि हात आणखी वर गेला.